तिसरं कडवं

दुसरं कडवं

डाव्या हाती मनगटी गोंदला इचू काळा,
डसला नाई कोनाले अन् मलेच लागला लळा.

या घरात हे गाणं दुसऱ्या कडव्यापासून सुरू होतं. विंचवापासून.

मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या दिवशी दुपारी कमळाबाईच्या पोलक्याची बाही चाळीस वर्षांनी कोपराच्या वर गेली, आणि तिला आधी थंडी वाजली.

"आई, हात खाली सोडा. लपवता काऊन?" पदराला पिन लावत तिची सून रंजीता म्हणाली. "सारं गाव तेच तं पाहाले येऊन राह्यलं."

"तुह्या सासऱ्यानं पाह्यलं का हे पोलकं?"

"बाबाले मी सांगतलं, शिंप्याची चूक झाली म्हणून."

"काय म्हनले?"

"काईच नाई. पान खाऊन राह्यले."

कमळाबाईनं मनगट उलटं केलं. विंचू तिथंच होता. हिरवट काळा, नांगी वर, धानाच्या दोन दाण्यांएवढा. इतकी वर्षं बाहीखाली राहून त्याचा रंग मात्र उतरला नव्हता. उन्हातान्हात राबणाऱ्या इतर बायकांचं गोंदण फिकं पडलं, हिचं तसंच राहिलं. नवऱ्यानं झाकून ठेवलं म्हणून टिकलं.

(रंजीताच्या मोबाइलवरचं निमंत्रण, जसंच्या तसं: मंडईनिमित्त भव्य शंकरपट!! रात्री तीन अंकी नाटक!! त्याआधी दुपारी ठीक चार वाजता गीतकार कै. वारलू मास्तर यांच्या स्मरणार्थ विशेष सत्कार. 'धुऱ्यावर उभी गं पोर' या गाण्यातली खरीखुरी पोर, आपल्याच गावची सून, सौ. कमळाबाई हेमराज यांना साडीचोळी. चुकवू नका.)

'खरीखुरी' हा शब्द रंजीतानं घालायला लावला होता. गाणं चौऱ्याऐंशी सालचं, एका नाटकातलं. नाटक लोक विसरले. गाणं टेपवर गेलं, लग्नाच्या बँडमध्ये गेलं, आणि यंदा बल्लारपूरच्या दोन पोरांनी त्याला ढोल लावून डीजेवर चढवलं, तेव्हा ते सगळीकडे गेलं. कॉलेजातल्या पोरी मनगटावर पेनानं विंचू काढून व्हिडिओ टाकत होत्या. आणि खरा विंचू इथं, रंजीताच्या सासूच्या हातावर, पूर्ण बाहीच्या पोलक्यात.

"एक विचारू?" रंजीता हळूच म्हणाली. "दिसाले कसा होता तो मास्तर?"

कमळाबाईनं हात खाली सोडला.

"शिवणयंत्रावर वाकलेला दिसे," ती म्हणाली. आणि तेवढं मात्र तिनं खरंच पाहिलं होतं.

ध्रुपद

धुऱ्यावर उभी गं पोर, वारा खाते पदर,
तिच्या पेजेच्या गडव्याले माह्या ओठाची नजर.

ध्रुपद सकाळपासून चौकातल्या भोंग्यावर लागलं होतं. हेमराजनं आजवर या गाण्याबद्दल घरात काढलेले सगळे शब्द असे:

१९८५. "ते बंद कर."

१९९१, चुलतबहिणीच्या लग्नात, बँडवाल्याला. "दुसरं नाई येत का गा तुले?"

२००३. "टेप कोनं आनला घरात?" त्यानंतर टेप फुटल्याचा आवाज. तो शब्दांत धरता येत नाही.

गेल्या महिन्यात, रंजीतानं सत्काराचं सांगितल्यावर. "करा काय कराचं ते."

आता तो अंगणात खाटेवर बसला होता आणि धाकटा भाऊ चंदन समोर उभा राहून मजा घेत होता. दोघांच्या घरांमध्ये वाटणीची भिंत, कमरेएवढी. चंदन ती ओलांडून येत नसे, तिच्यावरून बोलत असे. आज मंडई म्हणून तो भिंतीच्या अलीकडे आला होता.

"दादा, तू पन पागोटं बांध ना गा. सत्कार तुहा बी व्हाले पाह्यजे."

"माहा काऊन?"

"गाण्याचा जावई हायेस ना तू!" चंदन स्वतःच हसला. "वारलू मास्तर असता तं मानपान केला असता तुहा. मेला बिचारा."

"चंदन, घरी जा."

"जाऊन राह्यलो. पन एक गोष्ट हाय. वयनीनं तुले चाळीस वर्स जागं ठेवलं. माही मंजू पाहा. झोपलो का झोपलो मी. कशाची चिंता नाई."

चाळीस वर्षं हा विनोद थोड्याफार फरकानं असाच चालत आला होता. नोकरीभर हेमराज आलापल्लीच्या लाकूड डेपोत राखणीला होता. पंधरा दिवसांनी घरी येई. डेपोत प्रत्येक लाकडाच्या बुडाला हातोड्यानं शिक्का मारलेला असे. शिक्का असला की ते कुठलं, कोणाचं, हा वाद संपत असे. रात्रपाळीत सागाच्या थप्प्यांमध्ये फिरताना त्याला बायकोचं मनगट आठवे. तिथं आपल्या आधीचा शिक्का आहे, असं वाटे.

एक गोष्ट त्यानं कोणालाच सांगितली नव्हती. वारलू मास्तरची नाटकमंडळी आलापल्लीला आली की तो तिकीट काढून जायचा. पेटीवरच्या माणसाकडे बघत बसायचा. सात वेळा गेला. बारीक, चष्म्याचा, घसा बसलेला माणूस. हेवा करावा असं त्याच्यात काही नव्हतं, म्हणून हेवा जास्तच व्हायचा. सात वेळा ऐकून हेमराजला सगळं गाणं पाठ झालं होतं. तिन्ही कडवी.

पानाची चूळ भरायला तो उठला आणि घराच्या मागं, न्हाणीकडे गेला. तिथं स्वयंपाकघराची जाळी उघडते. आत त्याच्या बायकोचा आवाज आला आणि तो पाण्याचा गडवा हातात घेऊन तसाच उभा...

पहिलं कडवं

धान पिवळं, ऊन पिवळं, पिवळी तिची चोळी,
साऱ्या बांधीत कापणी अन् माह्या मनात होळी.

उभी होती मंजुषा, कढईसमोर, झारा उगारून. पाहुण्यांसाठी वडे तळायला ती सकाळपासून बहिणीकडे आली होती. कमळा आणि मंजुषा सख्ख्या बहिणी, आणि एकाच मांडवात सख्ख्या भावांना दिलेल्या, म्हणून सख्ख्या जावा. कमळा साठ वर्षांची, मंजुषा अठ्ठावन्न.

"रंजीता गेली?" मंजुषानं विचारलं.

"पोरं तयार कराले गेली."

"मंग ऐक बाई. तू पाय मुरगळला म्हन."

"काऊन?"

"तू नको जाऊ. मी जाते."

कमळाबाई हसली. "तू जाऊन काय दाखवशीन?"

मंजुषानं डाव्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सारल्या. मनगटाच्या आतल्या बाजूला एक डाग होता. चकचकीत, सुरकुतलेला, करपलेल्या दुधाच्या सायीसारखा. बांगड्यांच्या खाली तो तिनं जन्मभर ठेवला होता.

"हे."

"लोकं इचू पाहाले येऊन राह्यले, मंजू. भाजलेलं नाई."

"भाजलं नाई. बिब्बा लावला मायनं. तू होती ना तथी? तूच पाय धरून बसली होती माहे."

विंचू दोघींच्याही हातावर होता. एकाच मंडईत, एकाच गोंदणारीकडून, एका दुपारी गोंदलेला. पुढच्या साली माहेरच्या गावात नाटक बसलं आणि वारलू मास्तर शाळेच्या ओसरीवर शिवणयंत्र आणि पेटी घेऊन मुक्कामाला आला. नाटकाचे कपडे तोच शिवायचा, चालीही तोच बांधायचा. त्याचं जेवण घराघरातून वाटून दिलेलं होतं. यांच्या घराकडे सकाळची पेज आली. अकरा दिवस पेजेचा गडवा मंजुषानं नेला. अकराव्या दिवशी, परत येताना धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, तिनं मागं वळून पाहिलं. एवढंच. याहून जास्त काही घडलं नव्हतं, आणि तिच्या आयुष्यात याहून मोठंही काही घडलं नव्हतं.

नाटकात गाणं ऐकून माय घरी आली. तिनं काही विचारलं नाही. दिव्यावर बिब्बा तापवला आणि धाकटीच्या हातावरचा विंचू जाळून टाकला. मोठीचं लग्न ठरलं होतं, सुपारी फुटली होती. धाकटीचं बोलणं चालू होतं. मायला वाटलं, ज्या विंचवावर गाणं आहे तो गेला की गाणं गेलं. लोक विंचू शोधत फिरतील, आणि त्यांना दुसऱ्या पोरीच्या हातावरचा सापडेल, हे तिच्या ध्यानात आलंच नाही.

"तवा बोलाचं होतं," कमळाबाई म्हणाली.

"मायनं शपथ घातली होती."

"माय जाऊन बावीस वर्स झाली. कोनाची शपथ पाळून राह्यली तू?"

"अन् तू? तुले कोनं रोकलं होतं? एक डाव सांगाचं होतं आपल्या मानसाले, का बाप्पा, मी नोहो, मंजू होय!"

"तुयं लग्न मोडलं असतं."

"मंग लग्न झाल्यावर?"

वडा कढईत काळा होत होता. दोघींनीही तो काढला नाही.

लग्नानंतर सांगायचं, असं कमळाबाईनं खरोखर ठरवलं होतं. पण बाजारात कासारीण तिचा हात हातात घेऊन दोन क्षण जास्त थांबली. विहिरीवर बायका तिच्याकडे बघून कुजबुजल्या आणि त्या कुजबुजीत नुसती निंदा नव्हती. नवरा आलापल्लीहून रात्रीच्या गाडीनं अचानक यायचा, घरात चहूकडं बघायचा, आणि ती घरातच आहे हे पाहून त्याच्या चेहऱ्यावर जे यायचं ते तिनं दुसऱ्या कोणत्याही नवऱ्याच्या चेहऱ्यावर पाहिलं नव्हतं. पूर्ण बाह्यांत ती उन्हाळे काढत होती, माहेरच्या मंडईला जाऊ शकत नव्हती, एक ओळ गुणगुणू शकत नव्हती. पण ती गाण्यातली बाई होती. सांगून टाकलं असतं तर फक्त घामेजलेली बाई उरली असती.

"तुह्या त्या गाण्यात तू अकरा दिवस होती, मंजू," ती शेवटी म्हणाली. "मी चाळीस वर्स हाव. गाणं तुयं असन. भोगलं मी."

"भोगलं!" मंजुषाचा झारा कढईवर आपटला. "तुह्या मानसानं तुह्यासाठी टेप फोडला, बाई. तू दारात गेली तं तो खिडकीत जाये. माहा मानूस पाहा. मी मरून पडली ना, तं तो दोन दिवसानं विचारन, भाजी काऊन नाई केली म्हणून. चाळीस वर्सात तेनं मले 'कुठी गेल्ती' म्हणून एक डाव नाई विचारलं. एक डाव! अन् तू मले सांगते भोगलं म्हणून?"

"तुले तेच पाह्यजे का? संशय?"

"माहा होता तो," मंजुषा म्हणाली. "तो संशय बी माहाच होता."

जाळीपलीकडे पाण्याचा गडवा दगडावर टेकल्याचा आवाज झाला. मांजर असेल, असं दोघींनाही वाटलं.

दुसरं कडवं, पुन्हा

डसला नाई कोनाले.

हेमराजनं तोंड धुतलं. पुन्हा धुतलं. त्याला वाटलं होतं, हे कधी कळलं तर आपण हलके होऊ. तो हलका झाला नाही. डेपोत एकदा एक थप्पी जळून गेली होती, तेव्हा राखणदारांपैकी एक जण म्हणाला होता, आता कशाची राखण करायची? तसं झालं. चाळीस वर्षं ज्याची राखण केली ते आपल्या आवारात नव्हतंच. ते भिंतीपलीकडं होतं, आणि तिथं त्याचा धनी घोरत पडला होता. 'झोपलो का झोपलो मी.'

कमळाबाई मागच्या दारानं बाहेर आली. पोलक्याच्या बाह्या आखूड. त्याला समोर पाहून तिनं पदर मनगटावर ओढला, सवयीनं.

"एक विचारतो," हेमराज म्हणाला.

"विचारा."

"तिसऱ्या कडव्यात हाय. मांगं वळून पाह्यलं म्हणून." हा प्रश्न त्यानं चाळीस वर्षं विचारला नव्हता. उत्तर माहीत झाल्यावर विचारत होता. "तू पाह्यलं होतं का तेच्याकडं?"

'नाई' म्हटलं की सगळं संपलं असतं. बाह्या, टेप, गावाच्या नजरा, सगळं. कमळाबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. म्हातारा झाला होता. डोळ्यांत मात्र तेच होतं, रात्रीच्या गाडीनं यायचा तेव्हाचं. तिला ते जाऊ द्यायचं नव्हतं. मंजूकडे तर मुळीच नाही.

"पाह्यलं होतं," ती म्हणाली.

हेमराजला माहीत होतं की ती खोटं बोलते आहे. त्यानं खाली वाकून तिच्या चपला सरळ करून ठेवल्या.

"चाल," तो म्हणाला. "चार वाजून राह्यले."

तिसरं कडवं

(इथल्या दोन ओळी नंतर येतील. अजून कोणी म्हटलेल्या नाहीत.)

मांडव भरला होता. बायका डावीकडे, पुरुष उजवीकडे. मधल्या वाटेवर शंकरपटाच्या शर्यतीला आलेल्या एका बैलजोडीचा मालक नारळ घेऊन उभा. मंजुषा बायकांच्या पहिल्या रांगेत येऊन बसली. भासरा म्हणजे थोरला दीर समोरून गेला तसा तिनं पदर डोक्यावर घेतला. हेमराज आज तिच्याजवळ क्षणभर थांबला. चाळीस वर्षांत तो तिच्याकडे सरळ बघत नव्हता. आज त्यानं तिच्या बांगड्यांकडे पाहिलं. तिनं हात पदरात घेतला, आणि मांजर कोण होतं ते तिला कळलं.

स्टेजवर साडीचोळी झाली, नारळ झाला. मोबाइल उंचावले गेले. निवेदकानं कमळाबाईचा डावा हात धरून वर केला. विंचू दिसला आणि मांडवात शिट्ट्या झाल्या.

"आता आमची एकच विनंती!" निवेदक ओरडला. "जिच्यावर गाणं हाय, तिच्याच तोंडून गाणं!"

डीजेवाल्यानं नुसता ढोल सोडला. माइक कमळाबाईच्या तोंडापुढं आला.

तिनं ध्रुपद म्हटलं. ते तिला यायचं, कारण दुरून बँडमधून ते कानावर पडतच राहिलं होतं. मग ती थांबली. ज्या गाण्यात ती चाळीस वर्षं राहिली ते तिनं घरात कधी पूर्ण ऐकलंच नव्हतं. पहिलं कडवं कसं सुरू होतं?

तिनं बहिणीकडे पाहिलं.

मंजुषाच्या मनात नसताना तिचे ओठ हलले. 'धान पिवळं, ऊन पिवळं.' गाणं चुकलेलं तिला सहन झालं नसतं. कमळाबाईनं ओठ वाचले आणि म्हटलं. दुसरं कडवं विंचवाचं होतं, ते सगळ्या मांडवानंच म्हटलं. मग ध्रुपद. मग ढोल, पुढच्या कडव्याची वाट बघत.

कमळाबाईनं पुन्हा खाली पाहिलं.

मंजुषानं ओठ मिटले.

विंचू दोघींचा होता. चोळी कोणाचीही पिवळी असते. मागं वळून एकटीनं पाहिलं होतं. ते ती देणार नव्हती. बहिणीच्या डोळ्यात डोळे घालून ती तोंड घट्ट मिटून बसली.

ढोल एक फेरी फुकट गेला. दुसरी गेली. निवेदक कसंनुसं हसला. पाठीमागं कोणीतरी पोरगी म्हणाली, "म्हातारीले येतच नाई वाट्टे." चंदनला हसू फुटलं, आणि त्यानं भावाला डिवचायला मान वळवली, तर हेमराज उभा राहिलेला.

हेमराजचा आवाज फाटका होता. सुरात नव्हता. बाजूच्या खांबाला हात लावून, डोळे मिटून तो म्हणाला:

जाता जाता मांगं पाह्यलं, बोलली नाई काई,
तेवढं पाहनं घेऊन बसलो, गाव सुटत नाई.

मांडवातल्या सगळ्या माना वळल्या. घरात टेप फोडणारा हेमराज! मग जो कल्ला उठला त्यात ढोलही ऐकू येईना. बायका तोंडावर पदर घेऊन हसल्या, काहींनी डोळे पुसले. स्टेजवरून कमळाबाई नवऱ्याकडे बघत होती. गाणं कोणाचंही असो. चाळीस वर्षं त्याच्या घरात जागलं होतं. भिंतीपलीकडं तो ते जाऊ देणार नव्हता.

"पुन्हा! पुन्हा!" निवेदकानं हात वर केले. आता सगळा मांडव गायला लागला. 'जाता जाता मांगं पाह्यलं.' रंजीता गात होती, मोबाइल हातात धरून. बैलजोडीवाला नारळ छातीशी धरून गात होता. चंदनही गात होता, टाळ्या वाजवत, आणि गाता गाता त्यानं बायकोकडे पाहिलं, तीही किती मजेत आहे ते बघायला.

पहिल्या रांगेत एक बाई गात नव्हती.

तिचे ओठ मिटलेले होते. उजव्या हातानं तिनं डावं मनगट बांगड्यांसकट धरून ठेवलं होतं, चावा झाकावा तसं. चंदनची टाळी मंद झाली. मंजूला गाणी येतात. धानाच्या रोवणीत सगळ्यांच्या पुढं तिचाच आवाज असतो. लग्नाच्या आधी हातावर पेज सांडली होती, असं तिनं त्याला सांगितलं होतं. पेज. गडव्यातली. डावा हात.

त्यानं टाळी थांबवली.

घरी जाताना धुऱ्याची वाट पडते. मंजुषा पुढं होती, चंदन चार पावलं मागं. एरवी तो पुढं असायचा, आणि ती येते आहे की नाही ते बघायची त्याला गरज पडत नसे.

"मंजू."

ती चालत राहिली. कापलेल्या धानाचे भारे दोन्ही बाजूंना पडले होते.

"मंजू, तू काऊन नाई गायली वं?"

तिनं पाऊल लांब टाकलं.

"अन् हे हाताले तुह्या..." त्याचा आवाज वर गेला. "कोनाले नेऊन देत होती वं पेज? कुठी जात होती तू?"

कुठी जात होती. चाळीस वर्षांनी. मंजुषा थांबली. वारा सुटला होता, पदर उडत होता, तो तिनं आवरला नाही. तिनं मागं वळून नवऱ्याकडे पाहिलं, हवं तितका वेळ.

बोलली नाही काही.